वेशीवरची यादी : फायरवॉलचा इतिहास आणि आपण

(गडहिंग्लज येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात आपण पोस्टाच्या पाकिटाने करू. गडहिंग्लजचा पिनकोड इथं बसलेल्या सगळ्यांना पाठ असेल, ४१६५०२. ही सहा आकड्यांची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आणणारे टपाल खात्यातले अधिकारी मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे कवी म्हणूनही त्यांचे मोठे नाव आहे.

आता या आकड्यात काय आहे बघा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन मिळून ४१६ म्हणजे कोल्हापूरकडचा वर्गीकरण जिल्हा. शेवटचे ५०२ म्हणजे आपले पोस्ट. गुवाहाटीत कुणी पाकीट टाकले तर तिथे टपाल लावणाऱ्याला गडहिंग्लज कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने ४ बघायचा आणि त्या थैलीत टाकायचे. जसजसे पाकीट जवळ येते तसतसे पुढचे आकडे कामाला येतात.

इंटरनेटही असेच चालते. तुमच्या मोबाईलवरचा फोटो एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता असे लिहिलेले असते. या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणायला ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात सुरुवात केली. वाटेतला प्रत्येक राउटर पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो आणि पॅकेट पुढच्या हातात देतो. या कामाला फॉरवर्ड करणे म्हणतात.

पण पोस्ट आणि इंटरनेट यांत एक फरक पडत गेला. सॉर्टर एवढेच विचारतो की हे पाकीट कुठे पाठवायचे. इंटरनेटच्या वाटेवर दुसरा प्रश्न आला, हे पाठवायचे का? तो प्रश्न विचारणाऱ्या यंत्रणेला आपण फायरवॉल म्हणतो. आज आपल्याला तिचा इतिहास बघायचा आहे. त्यात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा : पहारेकरी कुठे उभा आहे, त्याला काय आठवते, आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याचे तो काय करतो.

ओळखीच्या माणसांचे जाळे

सुरुवातीला हा दुसरा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता, कारण जाळे ओळखीच्या माणसांचे होते. आपल्याकडे १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अशा मोजक्या संस्था होत्या. लहान गावात दाराला कडी नसते, तसाच प्रकार. अमेरिकेतही विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांचेच जाळे होते, फक्त आकाराने मोठे.

२ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सोडला. त्याला ‘मॉरिस वर्म’ म्हणतात. त्या वेळचा अंदाज असा, की जाळ्यातल्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० यंत्रे त्याने ठप्प केली. मेल पोहोचवणाऱ्या आणि ‘कोण कोण कामावर आहे’ हे सांगणाऱ्या साध्या सोयींतून तो आत शिरला. त्या सोयी जगातल्या कुणासाठीही खुल्या होत्या, कारण ‘कुणासाठी’ हे विचारायची जागाच नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या जेफ्री मोगल यांनी ‘स्क्रीन्ड’ या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. आज बघितले तर त्याची रचना गमतीची वाटते. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. पॅकेट पुढे पाठवण्याआधी कर्नल बाहेरच्या एका प्रोग्रॅमला विचारायचा, ‘हे जाऊ देऊ का?’ तो प्रोग्रॅम नियमांची यादी वाचून हो किंवा नाही सांगायचा. प्रत्येक पॅकेटसाठी अशी विचारणा म्हणजे वेळखाऊ काम. पुढे यादीच कर्नलच्या आत नेऊन ठेवली गेली. तेव्हापासून फायरवॉल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा अवयव झाला.

विसराळू पहारेकरी

ही पहिली यादी कशी होती? प्रत्येक ओळीत एक अट आणि एक निकाल. अमुक पत्त्यावरून आलेले, अमुक पत्त्याला जाणारे, अमुक पोर्टचे पॅकेट सोडा किंवा टाकून द्या. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतले खिडकी नंबर समजा : ८० नंबरला वेब, २५ ला मेल, ५३ ला नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. यादी वरून खाली वाचायची आणि पहिली जुळणारी ओळ लागू करायची. म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा. ‘सगळ्यांना सोडा’ ही ओळ चुकून वर गेली तर खालच्या पन्नास ओळी वाया. बरं, सगळीकडे हाच नियम आहे असेही नाही. काही फायरवॉलमध्ये शेवटची जुळणारी ओळ खरी धरतात. एका पद्धतीची सवय असलेला माणूस दुसरीकडे गेला की हमखास फसतो.

याहून मोठी अडचण अशी, की या पहारेकऱ्याला काहीच आठवत नसे. समजा कॉलेजच्या कॉम्प्युटरने बाहेरच्या यंत्राला प्रश्न विचारला. प्रश्न बाहेर गेला. उत्तर आले तेव्हा पहारेकऱ्याला प्रश्न गेल्याचेच आठवत नाही. मग उत्तर आत कसे सोडायचे? लोकांनी पळवाट काढली. ५३ नंबरच्या खिडकीतून आलेले सगळे सोडून द्या, कारण ते उत्तरच असणार. चोरालाही तेवढेच हवे होते. पाकिटावर पाठवणाऱ्याची खिडकी ५३ असे लिहिले की काम झाले. पाकिटावर काय लिहायचे हे शेवटी पाठवणाऱ्याच्याच हातात असते.

आठवण ठेवणारा पहारेकरी

१९९३ साली इस्रायलमध्ये चेक पॉइंट ही कंपनी सुरू झाली. गिल श्वेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उत्पादन बाजारात आणले त्याचे सूत्र होते पहारेकऱ्याला वही देणे. आतून कोण बाहेर बोलायला गेला, कुणाशी, कुठल्या खिडकीवर, हे लिहून ठेवायचे. उत्तर आले की वही बघायची. नोंद असेल तर आत, नसेल तर बाहेर.

हीच वही पुढे मोफत ऑपरेटिंग सिस्टीममध्येही आली. लिनक्सची कथा सांगण्यासारखी आहे, कारण तिथे दर काही वर्षांनी सगळे मोडून नव्याने बांधले गेले. १९९४ च्या अखेरीस अ‍ॅलन कॉक्स यांनी बीएसडी सिस्टीममधले ‘आयपीएफडब्ल्यू’ लिनक्समध्ये आणले. मग ‘आयपीएफडब्ल्यूअ‍ॅडमिन’ आले. १९९९ च्या जानेवारीत लिनक्स २.२ बरोबर रस्टी रसेल यांचे ‘आयपीचेन्स’ आले, आणि २००१ च्या जानेवारीत लिनक्स २.४ बरोबर ‘नेटफिल्टर’ आणि त्याचे ‘आयपीटेबल्स’.

नेटफिल्टरने काय बदलले हे जरा सावकाश बघू. आयपीचेन्समध्ये दुसऱ्यासाठी आलेले, नुसते पुढे जाणारे पॅकेट तीन तपासण्यांतून जायचे : आत येताना, पुढे पाठवताना आणि बाहेर पडताना. त्यामुळे ‘माझ्या यंत्राचे रक्षण’ आणि ‘माझ्या दारावरून जाणाऱ्यांवर नजर’ हे दोन वेगळे प्रश्न एकाच यादीत कालवले जायचे. नेटफिल्टरने पाच ठिकाणे ठरवली. पॅकेट आले की पहिले ठिकाण ‘प्रीराउटिंग’. मग वाट ठरते. पॅकेट याच यंत्रासाठी असेल तर ‘इनपुट’. दुसऱ्यासाठी असेल तर फक्त ‘फॉरवर्ड’. यंत्राने स्वतः पाठवलेल्या पॅकेटसाठी ‘आउटपुट’. आणि दाराबाहेर पडताना सगळ्यांसाठी ‘पोस्टराउटिंग’. घरी आलेला पाहुणा आणि अंगणातून पलीकडच्या गल्लीत जाणारा माणूस यांना वेगवेगळे नियम लावायची सोय झाली.

अंगणातून जाऊ द्यायचे की नाही, हाही एक स्वतंत्र खटका आहे. दोन जाळ्यांना जोडलेले साधे लिनक्स यंत्र मुळात दुसऱ्याचे पॅकेट पुढे पाठवतच नाही. ‘आयपी फॉरवर्ड’ नावाची एक नोंद शून्यावर असते. तिथे एक लिहिले की ते यंत्र राउटर होते. एवढाच फरक.

नेटफिल्टरच्या वहीत प्रत्येक संभाषणाची अवस्था असते : नवे, चालू, चालू संभाषणाशी संबंधित, किंवा निरर्थक. एखादे टीसीपी संभाषण चालू असून बराच वेळ काही बोलणे झाले नाही, तरी लिनक्स ती नोंद मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवस जपून ठेवते. वहीलाही पानांची मर्यादा असते. ती खोट्या नोंदींनी भरून टाकणे हाही हल्ल्याचा एक प्रकार झाला. म्हणजे आठवण आली आणि तिच्यासोबत तिचे दुखणेही आले.

याच वहीतून तुमच्या घरातली एक सोय निघाली. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे लवकर लक्षात आले. म्हणून १९९४ मध्ये पत्ताबदलाची, म्हणजे ‘नॅट’ची पद्धत कागदावर मांडली गेली. घरातल्या दहा यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे, १९२.१६८ ने सुरू होणारे. राउटरवर ते तुम्ही पाहिले असतील. बाहेर जाताना सगळ्यांवर एकच सार्वजनिक पत्ता चिकटवायचा आणि कुणाचे उत्तर कुणाला द्यायचे ते वहीत बघायचे. गावोगावच्या सायबर कॅफेत एका फोनलाइनवर चार-सहा कॉम्प्युटर चालायचे, ते याच युक्तीवर किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या सोयीवर.

यादीत नाव नसलेल्याचे काय?

सायबर कॅफे निघालाच आहे तर २००३ चा ऑगस्ट आठवा. त्या काळी कॅफे चालवलेले किंवा तिथे जाणारे कुणी इथे असतील. स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, ‘साठ सेकंदांत सिस्टीम बंद होत आहे’, आणि साठ ते शून्य असे उलटे आकडे. काही केले तरी कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू. तो ‘ब्लास्टर’ वर्म होता. १३५ नंबरच्या पोर्टवरून विंडोज एक्सपी आणि विंडोज २००० मध्ये तो शिरायचा. कुणी काही उघडायची गरज नव्हती, नेटला जोडलेले असणे पुरे होते.

आता खरी गोष्ट ऐका. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आले तेव्हापासून त्यात फायरवॉल होती. ती चालू असती तर बाहेरून १३५ वर आलेले पॅकेट तिथेच पडले असते. पण ती मुळात बंद ठेवलेली होती. सेटिंगच्या आत जाऊन चालू करावी लागायची. किती जणांनी केली असेल? मायक्रोसॉफ्टने शहाणपण घेतले आणि ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. यंत्रणा जवळपास तीच, पण सुरुवातीची स्थिती उलट झाली, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने त्या एका बदलाने खूप काही झाले.

जाणकार आधीपासून सांगत होते, यादीच्या शेवटी ‘बाकी सगळे बंद’ असे लिहा. सांगायला सोपे, पाळायला कठीण. कारण ‘बाकी सगळे बंद’ लिहिले की रोज कुणाचे तरी काम अडते, तो फोन करतो आणि एक ओळ वाढते. ‘बाकी सगळे चालू’ लिहिले की रोज काहीच होत नाही. मग एक दिवस सगळेच होते.

यादी लिहिणारा हात

इथपर्यंत आपण असे बोललो की यादी आपली आणि धोका बाहेरचा. पण तीच यंत्रणा दुसऱ्या दिशेनेही वापरता येते. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केले आणि पहिली काही वर्षे वाट तीच एक होती. वाट एक असली की वेशीवर यादी लावणे सोपे. इंटरनेटवरून फोन करण्याला आपल्याकडे १ एप्रिल २००२ पर्यंत परवानगी नव्हती, आणि ती सोय देणाऱ्या साइट अडवल्या जात असल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली होती.

सप्टेंबर २००३ मध्ये याहू ग्रुप्सवरचा एकच गट बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी काय केले? संपूर्ण याहू ग्रुप्स बंद. देशभरातले साहित्याचे, आजारांच्या माहितीचे, माजी विद्यार्थ्यांचे सगळे गट एका झटक्यात गेले. यात केवळ आडदांडपणा नव्हता. पॅकेट गाळणाऱ्या यंत्रणेला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर ती वाचत नाही. हजारो गट एकाच पत्त्यावर राहत असतील तर तिला एक गट वेगळा काढता येत नाही. वाड्यातल्या एका भाडेकरूसाठी वाड्यालाच कुलूप.

तीन वर्षांनी तेच परत झाले. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्यानंतर दोन दिवसांत दूरसंचार विभागाने काही मोजकी पाने अडवायला सांगितली, आणि अनेक कंपन्यांनी सगळे ब्लॉगस्पॉटच अडवले. त्या वेळी मराठी ब्लॉगलेखन नुकते बाळसे धरत होते आणि बरेचसे तिथेच होते. स्फोटानंतर रुग्णालयांची, जखमींची माहिती देणारी पानेही तशाच पत्त्यांवर होती. काही दिवसांनी चूक दुरुस्त झाली. पण त्या दिवसांत ज्याला आपल्या माणसाचा पत्ता शोधायचा होता त्याला ‘पान उघडत नाही’ एवढेच दिसले. आपल्या पॅकेटला वाटेत कुणी थांबवले हे पॅकेट पाठवणाऱ्याला कळत नाही. फायरवॉल पॅकेट नाकारते तेव्हा उलट निरोप पाठवू शकते, किंवा गुपचूप टाकून देऊ शकते. बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय निवडतात.

वेशीच्या आतून

आता आपल्या सामानगडाकडे वळू. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले आणि त्यात सामानगड पुढे होता. गडाचे दार, तट, बुरूज हे सगळे बाहेरच्या शत्रूसाठी. पण बंड केले ते गडाचे वंशपरंपरागत राखणदार असलेल्या गडकऱ्यांनी, त्यांच्या जमिनींवर गदा आली म्हणून. त्यांची बाजू न्यायाची होती असे आम्हालाही वाटते. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की तटाची रचना करताना आतल्या माणसाचा विचार केलेला नसतो.

फायरवॉलचेही बराच काळ तसेच होते. आतून निघालेले सगळे चांगले, असे धरले जायचे. मे २००० च्या एका शिफारशीने सेवा देणाऱ्यांना सांगितले की आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर खोटा पाठवणारा तर लिहिलेला नाही ना, हे तपासा. आपल्या घरातून दुसऱ्याला त्रास जाऊ नये, एवढी साधी शेजारधर्माची गोष्ट. ती आजही सगळे पाळत नाहीत.

११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत आणखी रक्कम हाँगकाँगला गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींच्या वर पोहोचला. देशातल्या ज्या एटीएममधून पैसे निघाले त्यांत आपल्या कोल्हापूरची एटीएमही होती. बँकेने तेव्हा सांगितले त्यानुसार, पैसे द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या मूळ यंत्रणेकडे मागणी पोहोचलीच नाही. मध्ये एक खोटा ‘स्विच’ उभा राहिला आणि तोच ‘मंजूर’ म्हणत गेला. पत्ता आणि पोर्ट बघणारा पहारेकरी अशा ठिकाणी काय करणार? ‘मंजूर’ हा शब्द खरा की खोटा हे पाकिटावर लिहिलेले नसते. कुणाचे पॅकेट कुणाकडे वळते आहे, हे आतल्या आतही तपासत राहावे लागते. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घराचा सहकारी बँकेशी किंवा पतसंस्थेशी संबंध आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुकानातला डीव्हीआर

शेवटी अगदी जवळचे सांगतो. बाजारपेठेत दुकानादुकानात सीसीटीव्ही आहेत. मालकाला घरी बसून मोबाईलवर दुकान बघायचे असते. कॅमेरा बसवणारा राउटरमध्ये एक ओळ लिहितो, बाहेरून अमुक पोर्टवर आलेले आतल्या डीव्हीआरकडे पाठवा. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सकाळपासून ज्याच्याबद्दल लोक पुस्तके लिहीत आले तेच ‘फॉरवर्ड’ हे. ही ओळ वहीला विचारत नाही, ती जगातल्या कुणालाही आत घेते. आणि डीव्हीआरचा पासवर्ड बहुधा कारखान्यातून आला तोच असतो.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर शोधले. त्याच्याकडे कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. त्या एकेक लावून बघायच्या, एवढेच त्याचे कौशल्य. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट कित्येक तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्या दुकानदारांना बहुधा काही कळलेही नसेल. त्यांना त्यांचे दुकान दिसत होते.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक करा. ज्याने राउटर किंवा कॅमेरा बसवला त्याला बोलवा आणि तीन गोष्टी विचारा. बाहेरून आत येणाऱ्या कुठल्या ओळी लिहिल्या आहेत? त्यांपैकी आज कुठल्या लागतात? कारखान्यातला पासवर्ड बदलला का? त्याला उत्तर देता आले नाही तर ती ओळ काढायला लावा. काही अडले तर परत लिहिता येते.

 आता प्रश्न असतील तर विचारा, आम्ही थांबलो आहोत.